दारू सुटल्यानंतरचे यकृत

मद्यपानाने यकृत निकामी होते हे महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही, आणि मद्यपानाने कर्करोग होतो हेही आता बऱ्याच जणांच्या कानांवर आलेले आहे. या दोन्हींच्या मधली तिसरी गोष्ट मात्र रुग्णालाच काय, पुष्कळदा त्याच्यावर उपचार करणाऱ्यालाही पुरेशी जाणवलेली नसते. मद्यामुळे यकृताला एकदा सिरोसिस झाला, म्हणजे यकृताचा मऊ भाग नष्ट होऊन त्याच्या जागी जखमेच्या वणासारखे कठीण तंतू आणि त्यांनी वेढलेल्या गाठी तयार झाल्या, की पुढे दारू पूर्णपणे सोडली तरी त्या यकृतात कर्करोग उद्भवण्याची शक्यता कित्येक वर्षे शिल्लक राहते. शिवाय दारू सोडल्यामुळे ज्याचे आयुष्य वाढले, त्याच्याच बाबतीत हा धोका प्रत्यक्षात उतरायला पुरेसा अवधी मिळतो. दारू सोडलेला रुग्ण म्हणजे बरा झालेला रुग्ण असे समजून त्याला मोकळे सोडणे ही त्यामुळे एक गंभीर वैद्यकीय उणीव ठरते. ती भरून काढण्याची रीत शोधण्यासाठी सोलापूर जिल्ह्याला फार दूर पाहावे लागत नाही, कारण तिचा मूळ नमुना याच जिल्ह्यात, बार्शी येथे, १९८७ पासून उभा आहे.

धोका शिल्लक का राहतो हे समजण्यासाठी यकृतात काय घडते ते पाहावे लागते. कोणत्याही मद्यातला नशा आणणारा घटक इथेनॉल हाच असतो. तो यकृतात पोचला की तेथील विकरे, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, त्याचे आधी असिटाल्डिहाइड नावाच्या पदार्थात आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा असिटेटमध्ये रूपांतर करतात. यातला मधला पदार्थ घातक आहे. तो पेशीतल्या डीएनएला, म्हणजे आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या रेणूला, चिकटतो, त्याची नक्कल होताना चुका घडवतो आणि त्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेलाही अडथळा आणतो. रोज पिणाऱ्याच्या यकृतात इथेनॉल जाळणारी आणखी एक विकरप्रणाली जोमाने काम करू लागते, तिच्यातून ऑक्सिजनचे अस्थिर रेणू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळे पेशींचे पापुद्रे आणि पुन्हा डीएनए यांची हानी होते. यकृत मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी तयार करू शकते, आणि एरवी वरदान असलेली हीच क्षमता येथे उलटते, कारण दाह चालू असलेल्या, डीएनए आधीच बिघडलेल्या पेशी वर्षानुवर्षे विभागत राहिल्या की एखादी चूक कायमची रुजते आणि त्या पेशीची वाढ शरीराच्या नियंत्रणाबाहेर जाते. दारू बंद झाली की असिटाल्डिहाइड बनणे थांबते, दाह कमी होतो, तंतूंचा काही भाग विरघळतोही. पण गाठी, त्यांच्यातली पेशींची लगबग आणि आधी होऊन गेलेल्या डीएनएच्या चुका एकाएकी नाहीशा होत नाहीत.

नियमितपणे भरपूर पिणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास लोकांच्या यकृतात चरबी साठते, आणि ही अवस्था दारू सोडल्यास काही आठवड्यांत मागे फिरू शकते. त्यांच्यापैकी सिरोसिसपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण साधारणतः १० ते २० टक्के मानले जाते. ‘भरपूर’ म्हणजे किती, याविषयीचा लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. १८० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध इथेनॉल असते, आणि यकृताच्या आजाराचा धोका रोजच्या ३० ग्रॅमच्या पुढे लक्षणीयरीत्या वाढत जातो. रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेऊन कामावर कधीही खाडा न करणारा माणूस स्वतःला दारुडा समजत नाही, शेजारीही त्याला तसे म्हणत नाहीत, आणि तरीही तो त्या मर्यादेच्या दुप्पट पीत असतो. स्त्रियांच्या शरीरात हीच हानी याहून कमी मात्रेत आणि कमी काळात होते.

सोलापूर जिल्हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क बनतो. या अधिकृत धंद्याच्या जोडीला गूळ आणि नवसागर यांच्या आंबवणापासून गाळली जाणारी हातभट्टीची दारू आणि शहराच्या पूर्व भागातल्या श्रमिक वस्त्यांत मुरलेली ताडी असे इतर प्रवाहही येथे आहेत. हातभट्टीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांमध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना, २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. भट्ट्या नुसत्या फोडून न थांबता त्या चालवणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता, आणि गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या समाजगटाकडे माणूस म्हणून पाहणारी ती मोहीम आदरास पात्र आहे. परंतु अशा कोणत्याही मोहिमेचे लक्ष दारू गाळणाऱ्यांवर असते. त्या भट्ट्यांची दारू पंधरा-वीस वर्षे पिऊन ज्यांची यकृते आधीच कडक झाली आहेत, त्यांचा विचार कुणाच्याही कार्यकक्षेत येत नाही.

हातभट्टीविषयी एक समज इतका पक्का आहे की त्याची दखल घेणे भाग आहे. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने एका रात्रीत माणसे दगावतात, जशी जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक दगावली, तेव्हा वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत सगळीकडे ‘विषारी दारू’ हा विषय होतो आणि त्यातून नकळत असा अर्थ निघतो की सीलबंद बाटलीतली दारू विषारी नसते. कर्करोगाच्या दृष्टीने हा भेद टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्ययुक्त पेयांना १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे निश्चित झालेल्या पदार्थांच्या गटात, घातले, आणि पुढे इथेनॉल तसेच मद्यपानाशी निगडित असिटाल्डिहाइड यांचाही त्याच गटात समावेश केला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येणार नाही असे स्पष्ट केले. २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्रात वाद पेटला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असा युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने केला गेला. यकृताच्या पेशीला मात्र इथेनॉल द्राक्षातून आले, मळीतून आले की ज्वारीतून आले याने काही फरक पडत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की मद्यजन्य सिरोसिस असलेल्या माणसाचा कर्करोगाचा धोका नेमका किती. येथे दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे, कारण वरवर पाहता ते एकमेकांना खोडून काढतात. डेन्मार्कमध्ये १९९३ ते २००५ या काळात मद्यजन्य सिरोसिसचे निदान झालेल्या ८,४८२ रुग्णांचा राष्ट्रीय नोंदींच्या आधारे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी अवघ्या १६९ जणांना यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळले, म्हणजे पाच वर्षांतला धोका एका टक्क्याच्या आसपास भरला, आणि तेवढ्याच पाच वर्षांत सुमारे ४४ टक्के रुग्ण बहुतांशी इतर कारणांनी मरण पावले. त्यावरून या रुग्णांची कर्करोगासाठी नियमित तपासणी करण्यात फारसा अर्थ नाही, असा निष्कर्ष काढला गेला. याउलट फ्रान्स आणि बेल्जियममधील रुग्णालयांत, सिरोसिस होऊनही ज्यांचे यकृत आपले काम कसेबसे निभावून नेत आहे अशा साडेसहाशेच्या आसपास मद्यजन्य रुग्णांना पद्धतशीर देखरेखीखाली ठेवले असता, दर वर्षी शंभरामागे जवळजवळ तिघांना यकृताचा कर्करोग होत असल्याचे दिसून आले. वर्षाला दीड टक्क्याहून अधिक धोका असल्यास नियमित तपासणी सार्थकी लागते, असा यकृततज्ज्ञांमध्ये रूढ असलेला दंडक आहे. त्या मापाने एका अभ्यासातला रुग्ण तपासणीला अपात्र ठरतो आणि दुसऱ्या अभ्यासातला दुपटीने पात्र.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, आणि त्यांच्यातल्या अंतरातच या विषयाचे मर्म आहे. डेन्मार्कच्या नोंदींत सगळेच रुग्ण होते. निदानानंतरही पीत राहिलेले, पोटात पाणी भरलेले, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झालेले, जंतुसंसर्गाने खचलेले असे सर्व त्यांत मोडत होते. त्यांच्यातल्या अनेकांना कर्करोग होण्याआधीच मृत्यूने गाठले. ज्यांच्या यकृतात गाठ वाढत होती त्यांच्यातल्याही काहींची ती कुणी शोधली नाही म्हणून नोंदीत आली नाही. फ्रान्स-बेल्जियमच्या अभ्यासात जगण्याची शक्यता असलेले लोक होते आणि त्यांच्याकडे मुद्दाम पाहिले जात होते. म्हणजे सिरोसिसमध्ये कर्करोगाचा धोका हा जगलेल्या वर्षांबरोबर साचत जातो, आणि ती वर्षे मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय दारू सोडणे हाच आहे. दारू सोडल्यावर यकृताच्या कर्करोगाचा धोका दर वर्षी सहा-सात टक्क्यांनी उतरत जातो, आणि कधीही न प्यायलेल्या माणसाच्या पातळीवर यायला वीसहून अधिक वर्षे लागू शकतात, असा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला एक अंदाज आहे. अशा अंदाजात मोठी अनिश्चितता असते हे मान्य केले, तरी पंचेचाळिसाव्या वर्षी दारू सोडलेल्या माणसाला पासष्टीपर्यंत या जोखमीबरोबर राहायचे आहे एवढा अर्थ त्यातून निश्चितपणे निघतो.

सोलापूर जिल्ह्यात या मुद्द्याला वेगळे वजन येते, कारण पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. व्यसनमुक्ती केंद्रांची आणि मद्यपींच्या स्वमदत गटांची चळवळ महाराष्ट्रात गेल्या चार दशकांत वाढली, पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. त्यापूर्वीपासून आणि आजही खेड्यापाड्यांत दारू सोडण्याचा सर्वमान्य मार्ग आहे तो पांडुरंगाची माळ घालण्याचा. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू आणि मटण सुटले, हे गाव गृहीत धरते. त्या माळेमागे वारकरी फडाचा, दिंडीतल्या सोबत्यांचा आणि घरातल्या स्त्रियांचा जो नैतिक धाक आणि आधार असतो, तो कोणत्याही औषधापेक्षा प्रभावी ठरल्याची कितीतरी घरे या जिल्ह्यात आहेत. पण माळ घातलेला माणूस पुन्हा पिऊ लागला तर गाव बोट दाखवते, आणि नाही प्यायला तर त्याच्या आजाराचा विषयच तेथे संपतो. डॉक्टरांनी ‘लिव्हर खराब आहे, दारू बंद करा’ एवढेच सांगितलेले असते; त्याने ती बंद केलेली असते; आता पुन्हा दवाखान्यात जायचे कशासाठी, हा त्याचा प्रश्न त्याच्या परीने रास्तच असतो. आठ-दहा वर्षांनी उजव्या कुशीत दुखू लागते, वजन उतरते, कावीळ होते, तेव्हा आधी काविळीची माळ, मग झाडपाल्याचे औषध, मग गावातला डॉक्टर असे होत होत तो शहरातल्या रुग्णालयात पोचतो, तोवर यकृतातली गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली असते. तो प्रामाणिकपणे दारूपासून दूर राहिलेला असूनही त्याला हे भोगावे लागते, आणि त्याला कुणी सावध केलेले नव्हते म्हणून ते अधिक अन्यायकारक आहे.

यकृताच्या कर्करोगाचे निदान वेळेत करता येते का, याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. सिरोसिस झालेल्या यकृतात बहुतांशी जो कर्करोग होतो त्याला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या मूळ पेशींपासून निघालेला कर्करोग, म्हणतात. त्याची गाठ दुप्पट व्हायला सर्वसाधारणपणे चार-सहा महिने लागतात, म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाची चाचणी, असा शिरस्ता जगभर मान्य झालेला आहे. दोन-तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ सापडली तर ती शस्त्रक्रियेने काढता येते किंवा त्वचेतून सुई घालून उष्णतेने जाळता येते, आणि अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांपलीकडे जगू शकतात. गाठी थोड्या मोठ्या पण मर्यादेत असतील, म्हणजे एकच असून पाच सेंटिमीटरपर्यंत किंवा तीनपर्यंत असून प्रत्येकी तीन सेंटिमीटरच्या आत, तर यकृत प्रत्यारोपणही शक्य असते. हा निकष इटलीतल्या मिलान शहरात १९९६ मध्ये मांडला गेला. चीनमधल्या शांघाय येथे मुख्यतः हिपॅटायटिस ‘बी’ची बाधा असलेल्या सुमारे १९ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत सहामाही तपासणीमुळे यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले, आणि तेही निम्म्यापेक्षा थोडेच अधिक लोक नियमितपणे तपासणीला आले असताना. तो अभ्यास मद्यजन्य आजारावरचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. परंतु गाठ लहान असताना सापडणे आणि ती काढता येणे हा संबंध दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

यकृतापुरता विचार करून भागणार नाही हेही लगेच नमूद करणे आवश्यक आहे. फिनलंडमध्ये १९९६ नंतर मद्यजन्य यकृतविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे बारा हजार रुग्णांच्या नोंदी कर्करोग नोंदणीशी जोडून पाहिल्या, तेव्हा एकूण कर्करोगांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळजवळ तिप्पट निघाले. यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे साठपट होते, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचेही कित्येक पटींनी जास्त. कारण उघड आहे. तोंडातले जंतू लाळेतच इथेनॉलपासून असिटाल्डिहाइड बनवतात, मद्याने तोंडाचे आणि घशाचे अस्तर सैल होते आणि तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्ये त्यातून अधिक सहज आत शिरतात, त्यामुळे दोन्ही व्यसने असलेल्या माणसाचा धोका नुसत्या बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतो. सोलापूर हे विडी वळणाऱ्या हातांचे शहर आहे आणि मावा-गुटख्याचेही. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली तरी तोंडातला तोबरा सुटलेला नाही. पुरुषांमधल्या गालाच्या कर्करोगावर टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी देशातल्या अनेक केंद्रांमधून केलेल्या अलीकडच्या अभ्यासात दारूच्या थोड्या मात्रेनेही धोका वाढत असल्याचे आणि चघळण्याच्या तंबाखूशी तिची जोडी सर्वाधिक घातक असल्याचे आढळले. यकृतासाठी आलेल्या रुग्णाचे तोंड उघडून आत पाहायला उजेड आणि दोन मिनिटे लागतात. सिरोसिसच्या रुग्णाची फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीतून अन्ननलिका तपासली जातेच, तेव्हा घसा आणि अन्ननलिकेचे अस्तर कर्करोगाच्या दृष्टीने पाहण्यात वेगळा खर्चही नाही. हे घडायला तपासणाऱ्याच्या मनात त्या रुग्णाविषयी एकसंध विचार असावा लागतो. यकृत एका विभागाचे, तोंड दुसऱ्या विभागाचे, व्यसन तिसऱ्याचे, अशी वाटणी झाली की माणूस मधल्या फटीतून निसटतो.

धोका वाढवणाऱ्या इतर गोष्टींपैकी हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू महत्त्वाचे आहेत, कारण दारू आणि विषाणू एकत्र आले की सिरोसिसही लवकर येतो आणि कर्करोगही. त्यांची तपासणी आणि औषधे राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून विनामूल्य आहेत, आणि ‘बी’ची लस प्रौढांनाही देता येते. मधुमेह आणि स्थूलपणा यांचाही वाटा आहे. शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. ज्या शहराची शेंगाचटणी देशभर जाते तेथे शेंगदाणा कोरडा साठवला जाणे आणि बुरसट दाणा निवडून फेकला जाणे ही आरोग्याची बाब आहे, एवढे येथे पुरेसे.

मग अडचण कुठे आहे? सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. जिल्ह्यात सोनोग्राफीची यंत्रे आहेत. राजीव गांधी जीवनदायी योजना, जिचे पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले, ती जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होता. पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. कर्करोग झाल्यावर ती लाखांनी खर्च करते. तो वेळेत सापडावा म्हणून सहा महिन्यांनी करायच्या बाह्यरुग्ण सोनोग्राफीकडे आणि गावाहून तेथवर येण्याच्या एसटीच्या भाड्याकडे ती पाहत नाही. आशा सेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरतात त्यात रोज दारू पिता का, हा प्रश्न असतो, आणि त्याच्या होकाराला गुणही मिळतो. त्या होकारापासून यकृताच्या तपासणीपर्यंत जाणारी ठरलेली वाट मात्र नसते. वास्तविक वय, यकृताच्या दोन साध्या रक्तचाचण्या आणि रक्तातल्या प्लेटलेटची संख्या एवढ्या चार आकड्यांवरून यकृत कितपत कडक झाले असावे याचा प्राथमिक अंदाज देणारे सूत्र उपलब्ध आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या चाचण्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यातल्या आहेत. सोनोग्राफीचे यंत्र गाडीत घालून गावोगाव फिरवता येणार नाही, कारण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याने त्यावर बंधने घातली आहेत, आणि मुलींच्या जिवासाठी ती आवश्यकच आहेत. म्हणून यंत्र माणसाकडे नेण्याऐवजी माणसाला पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी ठरल्या तारखेला आणावे लागेल, आणि तो आला नाही तर तो का आला नाही हे त्याच्या घरी जाऊन विचारावे लागेल. आषाढीच्या काळातली आरोग्य शिबिरे लाखो लोकांना उपयोगी पडतात, परंतु शिबिरात एकदा तपासलेला माणूस सहा महिन्यांनी कुठे आहे हे शिबिराला ठाऊक नसते, त्यामुळे अशा देखरेखीचा भार शिबिरांवर टाकता येणार नाही.

हे घरी जाऊन विचारणे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बार्शीचा अनुभव अभ्यासायला हवा. तेथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण, लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातले त्यांचे सहकारी यांनी बार्शी तालुका आणि शेजारच्या जिल्ह्यातले परांडा व भूम हे तालुके त्यासाठी निवडले. शहरातल्या नोंदणीची पद्धत, म्हणजे रुग्णालयांच्या वह्यांतून नावे गोळा करणे, येथे चालण्यासारखी नव्हती, कारण गावातला कर्करोगाचा रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून नोंदणीचे कर्मचारी ३४६ गावांत ठरावीक काळाने जात राहिले, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात येण्यास मदत करत राहिले. परिणामी नोंद तर झालीच, शिवाय आधीच्या अवस्थेत येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले, म्हणजे मोजण्याच्या कामातूनच उपचार सुधारले. याच अनुभवाच्या बळावर पुढे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली, आणि हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीमुळे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हा तिचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभरच्या धोरणांचा आधार बनला. कोरडवाहू मराठवाड्यातल्या आणि सोलापुरातल्या शेतमजूर स्त्रिया वर्षानुवर्षे देखरेखीखाली राहू शकल्या, तर सिरोसिसच्या रुग्णांचा, जे संख्येने त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी आहेत आणि ज्यांची नावे रुग्णालयाच्या कागदांवर आधीच आहेत, मागोवा ठेवता येत नाही असे म्हणणे टिकत नाही.

टिकणारा आक्षेप वेगळाच आहे आणि तो उघडपणे फारसा बोलला जात नाही. ज्याने आपल्या हाताने, बायकोच्या पदरचे पैसे हिसकावून, मुलांची फी बुडवून यकृत नासवले त्याच्यावर समाजाने पुन्हा खर्च का करावा, असा तो आक्षेप आहे, आणि तो ज्या घरांतून येतो त्या घरांनी जे सोसले आहे ते पाहता तो उडवून लावण्याजोगा नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की येथे ज्याच्यासाठी देखरेख मागितली जात आहे त्याने बहुधा दारू सोडलेली आहे. ते घर नुकते कुठे सावरत आहे, हप्ते फिटत आहेत, मुलीचे लग्न ठरत आहे, आणि अशा वेळी कर्त्या माणसाचा कर्करोग उशिरा सापडला तर त्या आधी सोसलेल्या बायकामुलांनाच दुसऱ्यांदा उद्ध्वस्त व्हावे लागते. दुसरी अशी की या व्यवहारात शासन तटस्थ नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि धान्यापासून राज्यातच बनणाऱ्या मद्याचा एक नवा प्रकार आणला, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचे वाढीव उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगितले गेले. करवाढीने दारू महागणे आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे, पण ज्या तिजोरीत बाटलीमागे पैसा येतो तिच्यावर त्या बाटलीने घडवलेल्या आजाराची जबाबदारी येते, आणि एका रुग्णाच्या वर्षातल्या दोन सोनोग्राफी त्या पैशापुढे नगण्य आहेत.

सर्वच रुग्णांना दर सहा महिन्यांनी बोलवावे, असा याचा अर्थ नाही. जो अजून पीत आहे, ज्याच्या पोटात पाणी भरले आहे आणि जो प्रत्यारोपणाला पात्र ठरू शकत नाही, त्याच्या यकृतात लहान गाठ सापडूनही तिच्यावर उपचार करता येत नाहीत. त्याला सोनोग्राफीच्या रांगेत उभे करणे म्हणजे त्याचा दिवस आणि रुग्णालयाची साधने दोन्ही वाया घालवणे आहे. त्याची पहिली गरज दारू सुटण्यासाठी मदत ही आहे, आणि दारू सोडल्यावर काही महिन्यांत अशा यकृतांपैकी काही इतकी सावरतात की तो पुन्हा देखरेखीच्या यादीत येऊ शकतो. जे सावरत नाहीत आणि ज्यांचा कर्करोग पुढे गेलेला आहे, त्यांना पोटातले पाणी काढणे, वेदना आणि खाज कमी करणे, झोप लागणे यांसाठीची परिहार सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास हलका करणारी शुश्रूषा, घराजवळ मिळायला हवी. या तीन गटांतला कोण कुठे बसतो हे ठरवायला रुग्णालयातून घरी सोडतानाची अर्ध्या तासाची तपासणी पुरते, आणि तिचा निर्णय सुट्टीच्या कागदावर ‘दारू बंद करा’ या वाक्याच्या खाली, पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेसह आणि त्या गावच्या आशा सेविकेच्या नावासह लिहिला जाऊ शकतो.